सातव्याचा काठ

"मुकादम, हे ग्रीन पहिल्यापासून एवढंच होतं का?"

बाईंनी विचारलं तेव्हा त्या गुडघ्यांवर बसून गवतातून बोटं फिरवत होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही. मी हातातली बादली उगीच या हातातून त्या हातात घेतली.

"एवढंच," मी म्हणालो. "मी आलो तेव्हापासून एवढंच आहे."

एकतीस वर्षांत मी या मैदानावर पुष्कळ चुका केल्या, पण समोरासमोर असं धडधडीत खोटं बहुतेक पहिल्यांदाच बोललो. शेजारी आमचा मशीनवाला उभा होता. उंचीने जेमतेम पाच फूट, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणतात. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच आभाळाकडे बघितलं.

ज्यांनी गोल्फचं मैदान बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या भोकात चेंडू घालायचा त्यात झेंडा रोवलेला असतो, आणि त्याच्याभोवतीची गालिच्यासारखी बारीक कापलेली हिरवळ म्हणजे ग्रीन. सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंतचा सगळा टप्पा म्हणजे एक होल. अशी अठरा होल, अठरा ग्रीन. ग्रीनच्या आसपास वाळूचे खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणतात. खेळणाऱ्याचा चेंडू त्यात पडला की तो शिव्या देतो आणि वाळू आम्ही सारखी करतो. अठरा ग्रीनचं गवत रोज पहाटे कापायचं, ही माझी नोकरी.

बाई आल्या होत्या बाहेरगावाहून. जुनी मैदानं मूळ रूपात आणणं हा त्यांचा धंदा. आमचं मैदान ज्याने आखलं तो माणूस मरून साठ वर्षं झाली असतील. त्याच्या हातच्या आकृत्या क्लबच्या कपाटात सापडल्या आणि कमिटीला एकदम मैदानाचं प्रेम आलं. आदल्या आठवड्यात सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावून घेतलं होतं. त्यांनी बसायला सांगितलं. ते बसायला सांगतात तेव्हा बातमी चांगली नसते.

"बाई रिपोर्ट देतील," ते म्हणाले. "देखभाल नीट झाली असेल तर तुमचीच माणसं पुढे चालतील. नाहीतर ठेकेदार येईल. त्याची माणसं, त्याची मशिनं. आणि क्वार्टर त्याला लागेल. तुम्ही समजून घ्या."

मी समजून घेतलं. तेव्हापासून मला धड जेवण गेलं नव्हतं.

क्वार्टर म्हणजे मशीनच्या शेडला लागून दोन खोल्या. पुढची झोपायची, मागची स्वयंपाकाची. दहा महिन्यांपूर्वी ही गेली. ही म्हणजे माझी बायको. त्यानंतर मी पुढच्याच खोलीत राहायला लागलो. शेगडी पुढे आणली, एक पातेलं, एक ताट, एक पेला पुढे आणला, आणि मधलं दार लावून घेतलं. कडी घातली नाही, नुसतं लोटून घेतलं. तरी ते दार ढकलायची मला भीती वाटायची. माणूस जन्मभर ज्या खोलीत जेवला त्या खोलीला कसा काय घाबरेल, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं.

बाई उठल्या, पँटचे गुडघे झटकले. "चला, मागे जाऊ या. सुरुवातीच्या जागेवर. हे होल तिथूनच बघायला पाहिजे."

सातवं होल आखूड आहे. मधे एक घळ, पलीकडे ग्रीन, आणि ग्रीनच्या पुढे एक मोठा थोरला बंकर. मी हे रोज बघत होतो. म्हणजे गवत बघत होतो. बाईंनी मला पहिल्यांदा ते खेळणाऱ्याच्या जागेवरून बघायला लावलं.

"तो पुढचा बंकर ग्रीनपासून किती लांब दिसतो?"

"चिकटूनच आहे की."

"खरंच?"

मी विचार केला आणि मलाच नवल वाटलं. तिथे मी हजार वेळा चाललो होतो. "नाही. चाळीस पावलं आहे मधे."

"चाळीस पावलं!" बाई लहान पोरीसारख्या खूश झाल्या. "बंकरची पुढची कड उचललीये बघा. त्यामुळे मागची मोकळी जागा झाकली जाते. माणूस इथे उभा राहतो, त्याला वाटतं, जरा कमी पडला की मेलो. म्हणून तो जोर लावतो. आणि ग्रीनचा उतार कुठे आहे?"

"मागे. पाणी मागे जातं."

"म्हणजे जोर लावला की चेंडू मागे घरंगळणार. भीतीनेच मारतो तो माणसाला." त्यांनी हात उजवीकडे केला. "आणि आता ती बाजू बघा. केवढी ऐसपैस. ज्याला धाडस नाही त्याने तिकडे मारावं, एक फटका जास्त लागेल, पण अब्रू राहील. हे आखणाऱ्या माणसाने सगळ्या मैदानात हेच केलंय. घाबरवलंय सगळीकडे, पण वाट ठेवल्याशिवाय कुठेच घाबरवलेलं नाही."

"चांगला माणूस असणार," लंबू म्हणाला.

"किंवा स्वतः फार घाबरट असणार," बाई हसल्या.

मी हसलो नाही. त्यांनी आता आकृतीचा कागद काढला होता. दर होलला एक कागद, पेन्सिलने काढलेला. सातव्याचं ग्रीन त्यात हाताच्या पंजासारखं होतं. डावीकडे मागे अंगठा बाहेर काढावा तसा एक कोपरा, आणि त्याला अगदी खेटून मागचा छोटा बंकर.

"हा अंगठा कुठे गेला, मुकादम?"

समोरचं ग्रीन गोल होतं. भाकरीसारखं गोल. मागचा बंकर तीन पावलं लांब, उंच गवतात एकटाच.

"मला नाही माहीत," मी म्हणालो.

"बिचारा," बाई त्या बंकरकडे बघत म्हणाल्या. "हा बंकर पोरका झालाय. याला आता कोण घाबरणार?"

मला माहीत होतं अंगठा कुठे गेला. मीच कापून टाकला होता, आणि तोही न कापता.

त्याचं असं होतं. ग्रीन कापणाऱ्याला काठाची धास्ती असते. मशीनचं पातं काठाबाहेर गेलं तर बाहेरचं जाड गवत मुळासकट सोलून निघतं, माती उघडी पडते, आणि दुसऱ्या दिवशी सगळा क्लब बोट दाखवतो. म्हणून हात आपोआप काठाच्या आत राहतो. अगदी थोडा. सुतभर म्हणा. ते सुतभर गवत उद्या वाढतं आणि उद्याचा काठ तिथून सुरू होतो. वर्षाला चार बोटं. एकतीस वर्षांत तीन पावलं. आणि कोपऱ्यात मशीन वळवायला अवघड, म्हणून कोपरे आधी जातात. रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही. माझ्या आधीचे म्हातारे मुकादम मला पहिल्याच महिन्यात म्हणाले होते, "काठ राख बाबा. ग्रीन आतून मरत नाही, काठाने मरतं."

मी मान डोलावली होती. ही तिथेच पोतं टाकून बसली होती, खुरप्याने तण काढत. रोजावर काम करायची तेव्हा. मान हिने डोलावली नाही, पण ऐकलं हिनेच.

दुपारी जेवायची सुट्टी झाली तसा मी खोलीवर आलो. भात टाकला आणि तसाच बसून राहिलो. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"काय जेवलात?"

"भात."

"नुसता? बाबा, तुम्ही खोटं बोलता ना तेव्हा एकेक शब्दात बोलता. काय झालंय?"

"काही नाही गं. त्या मापवाल्या बाई आल्यात."

"मग येऊ देत. काय होईल फार तर? क्वार्टर सोडायला लावतील. इथे खोली आहे तुमच्यासाठी. मी कधीची सांगतेय."

तिला काय सांगणार? मला क्वार्टरची भीती होतीच. मुलीच्या घरी पाहुण्यासारखं सोफ्याच्या कडेला बसायचीही भीती होती. पण त्या दिवशीची भीती वेगळीच होती. सातव्याचा खरा काठ कुठे आहे हे मला दाखवता येत होतं. आणि ते सांगायचं तर मलाच सांगावं लागणार होतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी आम्ही या क्वार्टरमध्ये राहायला आलो तेव्हा हिच्याकडे एक कपबश्यांचा सेट होता. पांढरा, निळ्या काठाचा. लग्नात मिळालेली तेवढी एकच चांगली वस्तू. ती त्याचं खोकं मांडीवर घेऊन बसणार होती. मी म्हणालो, "काही होत नाही," आणि टेम्पोत ट्रंकेखाली ठेवलं. उतरवलं तेव्हा खोकं खुळखुळत होतं. एक बशी वाचली. ही तासभर रडली, मग सगळे तुकडे पिशवीत भरून ठेवले. टाकू दिले नाहीत.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी घरी आली तर नखांत माती.

"अहो, तुमच्या सातव्याच्या काठाला पुरून आले," ती म्हणाली. "सगळीकडून गोल. चार बोटं खोल, पात्याला लागायचे नाहीत. ते म्हातारबाबा म्हणत होते ना, काठ राखा म्हणून. तुम्ही कप राखले नाहीत, काठ काय राखणार!"

मी खूप हसलो. लंबूला सांगितलं, तोही हसला. मग विसरलो. ती विसरली नाही. दोन-चार वर्षांनी कधीतरी जेवताना म्हणायची, "तुम्ही आत यायला लागलात हं." मी म्हणायचो, "रोज मी कापतो, मला कळत नाही?" गेल्या वर्षी दुखणं वाढलं होतं तेव्हा एका सकाळी छत्रीचा आधार घेत घेत सातव्यापर्यंत आली. उंच गवतात उभी राहिली आणि छत्रीचं टोक जमिनीत खुपसलं. कट्ट आवाज आला.

"ऐकलंत? हा काठ. आणि तुम्ही कुठे उभे आहात?"

मी तीन पावलं आत उभा होतो. माणसं बघत होती. मी चिडलो. "घरी जाऊन पड," असं म्हणालो. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पुढे ती सातव्यापर्यंत कधी आली नाही.

दुपारनंतर परत गेलो तर ग्रीनवर सेक्रेटरीसाहेब उभे होते. बाई त्यांना समजावत होत्या.

"आकार आहे, पण मापच नाही. हाताने काढलेलंय. बंकर मधे दोन-तीनदा नव्याने बांधलेत, त्यांच्यावरून माप घेता येत नाही. एका ग्रीनचा खरा काठ मिळाला असता ना, तर त्याच्या हाताचं प्रमाण कळलं असतं. बाकीची सतरा मग आपोआप सुटली असती."

"मग आता?"

"आता अंदाज. उकरून नवीन बांधायचं. यंत्र आणू, पुढच्या आठवड्यात सातव्यापासूनच सुरू करू."

"मुकादम म्हणतात पहिल्यापासून एवढंच होतं," साहेब म्हणाले.

"हो, म्हणाले मला," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तेच वाईट होतं.

मी काही बोललो नसतो तर काय झालं असतं? अंदाजाने उकरलं असतं, तुकडे मातीबरोबर ट्रॉलीत गेले असते, आणि एकतीस वर्षं काठ कोणी खाल्ला हे कोणालाच कळलं नसतं. मी वाचलो असतो. लंबू माझ्या अगदी जवळ येऊन उभा राहिला.

"उकरू नका," मी म्हणालो.

"काय?"

"काठ आहे. मी सकाळी खोटं बोललो."

साहेबांनी चष्मा काढला. मी बाईंच्या हातातली लोखंडी सळई मागून घेतली. माती किती घट्ट आहे ते बघायला त्या ती वापरत. मागच्या बंकरपाशी गेलो आणि उंच गवतात सळई खुपसली. नुसती माती. दुसरीकडे खुपसली. माती. हात घामाने निसटायला लागले. वाटलं, गेले, एवढ्या वर्षांत खाली खाली गेले असतील, आणि आता मी खोटाही ठरलो आणि वेडाही.

"मुकादम, जरा डावीकडे," लंबू हळूच म्हणाला. "वहिनी त्या दिवशी इकडे उभ्या होत्या."

कट्ट.

मी गुडघ्यांवर बसून बोटांनी उकरलं. मातीतून निळा काठ वर आला. अंगठ्याएवढा तुकडा. मी तो पँटला पुसला. पुढे दोन हातांवर दुसरा, मग तिसरा. बाई आता स्वतः जमिनीवर बसून खुणेचे झेंडे रोवत होत्या, आणि झेंड्यांची रांग अंगठ्यासारखी वळत वळत थेट बंकरच्या ओठावर गेली.

"कोणी पुरले हे?" बाईंनी विचारलं.

"आमच्या हिने."

"कधी? कशावरून पहिल्याच वर्षीचे?" साहेबांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता.

"थांबा," मी म्हणालो.

मी खोलीवर गेलो. मधलं दार लोटलं. आत बंद घराचा वास होता आणि ओट्यावर तिचं फडकं वाळून कडक झालं होतं. मी तिकडे बघितलं नाही. बघितलं. कपाट उघडलं, वरच्या फळीवरून बशी काढली आणि परत निघालो. दार उघडंच राहिलं.

बशी बाईंच्या हातात दिली, शेजारी तुकडा ठेवला. निळी रेघ तीच होती. कपबश्या कधी फुटल्या, कशा फुटल्या, ते सांगितलं. मग काठ कसा आत आला तेही सांगितलं. म्हातारे मुकादम काय म्हणाले होते ते, ही काय म्हणायची ते, मी काय म्हणायचो ते. सांगताना साहेबांकडे बघायचा धीर झाला नाही, म्हणून बशीकडे बघत बोललो.

बाईंनी तुकडा बशीच्या काठाला लावून बघितला आणि बशी परत माझ्या हातात दिली.

"मुकादम," त्या म्हणाल्या, "मी चाळीस मैदानं बघितली. सगळीकडे ग्रीन असंच आक्रसतं. खूण करून ठेवणारं माणूस कुठे भेटलं नव्हतं."

रिपोर्टात त्यांनी काय लिहिलं ते मला वाचायला मिळालं नाही. साहेबांनी पुन्हा बोलावलं आणि पुन्हा बसायला सांगितलं. ठेकेदार येणार हे ठरलं होतं. पण बाईंचं म्हणणं असं होतं की सातवं उकरायचं नाही. काठाचं गवत हळूहळू खाली आणत, दोन दिवसाला एक बोट, ग्रीन बाहेर न्यायचं. ते काम गवत ओळखणाऱ्यानेच करायचं.

"सातवं तुकड्यांपर्यंत पोचेस्तोवर तुम्ही राहा," साहेब म्हणाले. "पोचलं की क्वार्टर रिकामं करा. पत्र देतो तसं."

दोन दिवसाला एक बोट. मी खोलीवर येऊन हिशेब केला, आठ महिने होत होते. त्या दिवसापासून मी मागच्या खोलीत जेवायला लागलो.

आठ महिने मी रोज पहाटे काठावर भीत भीत मशीन चालवलं. आत राहायची सवय हाताला लागलेली, तिला रोज दटावावं लागे. दोनदा गवत सोललं. दोन्ही वेळा ते पुन्हा फुटलं. अंगठा हळूहळू बाहेर आला. शेवटच्या आठवड्यात बंकरची वाळू पात्यापासून वीतभर राहिली, तेव्हा लंबू जवळ आला.

"मुकादम, दोन बोटं आत ठेवा की. कोणाला कळणारे? अजून महिनाभर निघेल."

"हिला कळेल," मी म्हणालो.

"वहिनी आता कुठे छत्री घेऊन येतायत?"

मी मशीन सुरू केलं आणि तुकड्यांवरून नेलं. पात्याला काहीच लागलं नाही. तिने चार बोटं खोल म्हटलं होतं, ते चार बोटंच होतं.

सामान फार नव्हतं. टेम्पोत लंबूनेच चढवलं. मुलगी ड्रायव्हरशेजारी बसली होती, मी खिडकीकडे. हिच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं एक पुडकं माझ्या मांडीवर होतं.

"बाबा, द्या ते, मागे ट्रंकेवर ठेवू. अवघडाल."

"राहू दे."

फाटकाकडे जाणारा रस्ता सातव्याच्या अंगाने जातो. झेंडा त्या दिवशी अंगठ्यात होता, मागच्या बंकरच्या अगदी ओठावर. घळीपलीकडे, सुरुवातीच्या जागेवर, एक वयस्कर सभासद गोल्फची काठी हातात घेऊन उभे होते. त्यांनी झेंड्याकडे बघितलं. हात पँटला पुसला. परत बघितलं. मग पाय सरकवून सबंध उजवीकडे वळले आणि त्या ऐसपैस बाजूला चेंडू मारला.

"काय बघताय बाबा?" मुलीने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

पुढे रस्ता खराब होता. टेम्पो आदळायला लागला तसं मी पुडकं दोन्ही हातांनी धरलं.